दिवा ९.१५ चा, दिवा १०.२२ चा

हा घटनाक्रम दोन यंत्रांचा आहे, एका विमानाचा आणि एका मोटारीचा. दोन्हींच्या इंजिनाला काही तासांपूर्वीच माणसाचा हात लागला होता. दोन्हींतून तेल गळलं आणि दोन्हींत धोक्याचा दिवा लागला.

विमान खरं आहे. ईस्टर्न एअर लाइन्सचं उड्डाण ८५५, मायामी ते नासाउ, ५ मे १९८३. त्याची हकिकत अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीतून आलेली आहे. मोटार भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. ती कुण्या एका घरची नाही. घरी तेल बदलल्यावर इंजिन कसं जातं, तो क्रम नीट मांडता यावा म्हणून ती इथे उभी केली आहे. तिच्यातला प्रत्येक टप्पा अशा गाड्यांमध्ये घडतो.

शेवट आधीच सांगायला हवा. विमान ९.४६ ला उतरेल आणि आतली १७२ माणसं सुखरूप असतील. मोटार १०.२६ ला अड्याळ आणि पहेल्याच्या मधे थांबेल, आणि तिचं इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. दोन्ही घड्याळं आपापल्या गावची.

मायामी, रात्री १.३० च्या सुमारास

लॉकहीड एल-१०११ ट्रायस्टार जमिनीवर उभं होतं. तीन इंजिनं, रोल्स-रॉइस आरबी२११. दोन मेकॅनिकांकडे नेहमीचं काम आलं: तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर काढायचे आणि दुसरे बसवायचे.

चिप डिटेक्टर म्हणजे तेलाच्या वाटेत बसवलेला लोहचुंबक. आतलं बेअरिंग झिजू लागलं की लोखंडाचे कण त्याला चिकटतात आणि बिघाड वेळेआधी कळतो. इंजिन हवेत बंद पडू नये, यासाठीच हे काम ठरवून दिलेलं होतं.

डिटेक्टरवर रबरी रिंगा लागतात. रिंग नसली तर तेल दाबाने फटीतून बाहेर पडतं. एरवी रिंगा लावून तयार ठेवलेले डिटेक्टर फोरमनच्या कपाटात मिळत. त्या रात्री कपाटात एकही नव्हता. भांडारातून आणले, त्यांच्यावर रिंगा नव्हत्या. नव्या रिंगा लावा, असं कामाच्या कार्डावर छापलेलं होतं. रिंगा असतीलच, असं धरून काम पुढे गेलं. तिन्ही इंजिनांत तसंच झालं.

मायामी, काम संपल्यावर

गळती तपासायला इंजिन स्टार्टरवर सुमारे १० सेकंद फिरवलं. तेल दिसलं नाही. गळती दिसायला तेवढा वेळ पुरत नाही, हे नंतरच्या चाचण्यांत कळलं.

हा प्रकार कंपनीला नवा नव्हता. सप्टेंबर १९८१ पासून चिप डिटेक्टर आणि त्यांच्या रिंगांमुळे १२ घटना घडल्या होत्या. सूचना निघाल्या, कार्ड सुधारलं गेलं, आणि काम पूर्वीसारखंच होत राहिलं.

कोंढा, सकाळी ६.४०

डिसेंबर. धान निघून गेलेलं, हवेत गारठा. अंगणात गाडीची पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन. शेजारी साडेतीन लिटर नवं तेल, नवा फिल्टर, १७ नंबरचा पाना, जुनं घमेलं आणि चिंध्या.

मालक तिशीतला. सर्व्हिसिंग लांबलेलं आहे. आज आईला डोळे दाखवायला भंडाऱ्याला न्यायचं आहे, डॉक्टरांची वेळ ११ ची. त्याआधी तेल बदलून घ्यायचं त्याने ठरवलं आहे. काम अवघड नाही. हजारो लोक ते घरी करतात आणि नीट करतात.

कोंढा, ७.०५

ड्रेन प्लग उघडला. काळं तेल घमेल्यात उतरलं. धार संपून थेंब पडू लागेपर्यंत तो थांबला, प्लगला नवा वॉशर घातला, पान्याने तो बेताने आवळला. इथवर एकही चूक नाही.

कोंढा, ७.२५

जुना फिल्टर घट्ट बसलेला. चिंधी गुंडाळून, दोन्ही हातांनी जोर लावून तो फिरला. सुटताना पेलाभर तेल सायलेन्सरच्या नळीवर आणि खालच्या पत्र्यावर सांडलं.

फिल्टरच्या तोंडाशी गोल खाच असते, तिच्यात रबरी रिंग बसवलेली असते. या फिल्टरची खाच रिकामी आहे. रिंग इंजिनाच्या अंगाला चिकटून वरच राहिली आहे. वर्षभर तापून ती धातूच्या रंगाची झाली आहे. बोट फिरवलं असतं तर लागली असती.

त्याने फिल्टर घमेल्यात पालथा ठेवला.

कोंढा, ७.४०

नव्या फिल्टरच्या रिंगेवर बोटाने तेल लावलं. हाताने फिरवत नेला, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा आणखी दिला. डब्यावर लिहिलं होतं तसंच. फक्त तो जुन्यापेक्षा जरा आधीच टेकला. नवा आहे, थोडा फरक असायचाच, असं त्याला वाटलं.

आता एका रिंगेवर दुसरी रिंग बसली आहे. खालच्या रिंगेला खाच आहे. वरच्या रिंगेला तिला जागेवर धरणारं काहीच नाही.

कोंढा, ७.५५

साडेतीन लिटर तेल भरलं. डिपस्टिक पुसून घातली, काढली. तेल वरच्या खुणेला. बरोबर.

कोंढा, ८.०२

इंजिन सुरू केलं. तेलाच्या सुरईचं चित्र असलेला लाल दिवा तीन सेकंद लागला आणि विझला. नवा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो. इंजिन दोन मिनिटं जागेवर चाललं. आवाज स्वच्छ.

तो वाकला. फिल्टरखाली चार थेंब. मघाशी इथेच तर तेल सांडलं होतं. त्याने थेंब पुसले आणि इंजिन बंद केलं.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचा वेग वाढवायचा आणि पुन्हा खाली पाहायचं. पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पुन्हा काढायची. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम. पाणी तापलं होतं, तो हात धुवायला गेला.

मायामी, ८.५६

उड्डाण ८५५ आकाशात गेलं. १६२ प्रवासी, १० कर्मचारी. नासाउपर्यंत समुद्रावरून जेमतेम पाऊण तासाचा प्रवास.

मायामीच्या आग्नेयेला, ९.१५

विमान नासाउसाठी खाली येत होतं. उंची १५,००० फूट. दोन नंबरच्या इंजिनाचा तेलदाबाचा दिवा लागला.

फ्लाइट इंजिनिअरने काटे पाहिले. दाब १५ ते २५ पीएसआयच्या दरम्यान हलत होता, किमान ३० हवा होता. तेल ८ क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेसात लिटर. हवं त्याच्या निम्म्याहून कमी.

कॅप्टनने ते इंजिन बंद करायला सांगितलं. दोन इंजिनांवर ट्रायस्टार व्यवस्थित उडतं. नासाउ जवळ होतं, पण तिथलं हवामान चांगलं नव्हतं. विमान मायामीकडे वळलं.

या निर्णयातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवा लागला, काट्याने दुजोरा दिला, इंजिन बंद झालं. त्या इंजिनात त्या क्षणी थोडं तेल शिल्लक होतं.

परतीच्या वाटेवर, ९.२३ च्या सुमारास

एक आणि तीन नंबरच्या इंजिनांचे दिवे लागले. तिन्ही इंजिनांच्या तेलाचे काटे शून्यावर आले.

कॉकपिटमधून मायामीच्या नियंत्रण केंद्राला कळवण्यात आलं की हा दोष दर्शकांचा असावा. तीन वेगवेगळ्या इंजिनांतलं तेल एकाच वेळी संपण्याची शक्यता जवळपास नाहीच, असं कारण दिलं गेलं.

हिशोब चुकीचा नव्हता. तिन्ही इंजिनं एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर तो लागूही पडला असता. पण त्या रात्री तिन्हींना एकाच कामाचा हात लागला होता. ते कॉकपिटमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

९.२८

१६,००० फुटांवर तीन नंबरचं इंजिन बंद पडलं. मायामी अजून सुमारे ८० मैल. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं घालायला सांगण्यात आलं. तटरक्षक दलाला खबर गेली.

कोंढा, ९.३०

आई तयार आहे. त्याने गाडी फळ्यांवरून उतरवून फाटकाबाहेर घेतली. अंगणात, फिल्टर होता त्या जागी, तळहाताएवढा ओला डाग. सकाळी थेंब पुसले तेव्हा तो नव्हता.

त्याने डागावर चुलीतली राख टाकली.

समुद्रावर, ९.३३

दोन नंबरचं इंजिन पुन्हा सुरू करण्याची खटपट चालू असतानाच एक नंबरचंही बंद पडलं. आता एकही इंजिन चालत नव्हतं. १७२ माणसांचं विमान सुमारे १३,००० फुटांवरून तरंगत खाली येऊ लागलं. समुद्रात उतरण्याची वेळ जवळ आल्याचं प्रवाशांना सांगण्यात आलं.

समुद्रावर, सुमारे ४,००० फूट

दोन नंबरचं इंजिन सुरू झालं.

हे तेच इंजिन, जे दिवा लागताच बंद केलं होतं. बाकीची दोन तेलाशिवाय चालत राहिली आणि आतून गेली. हे थांबलं होतं, म्हणून त्याच्यात थोडी ताकद उरली होती.

मायामी, ९.४६

विमान धावपट्टीवर उतरलं. एका इंजिनावर. कुणालाही इजा नाही.

कोंढा, १०.००

गाडी भंडारा रस्त्याला लागली. सकाळी फिल्टरमध्ये भरलेलं आणि गळतीतून गेलेलं तेल धरलं, तर आत अजून तीन लिटरच्या आसपास आहे. या क्षणी गाडी थांबवून डिपस्टिक काढली असती, तर पातळी खाली गेलेली दिसली असती.

कोंढ्याच्या पुढे, १०.०६

वेग ७०. पुढचा धानाचा ट्रॅक्टर ओलांडायला त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचे फेरे वाढले, तेलपंप जोराने फिरला, दाब चढला. गार तेल घट्ट असतं, थंडीच्या दिवसांत दाब आणखी वर जातो. दोन रिंगांमधली वरची, जुनी रिंग एका बाजूने सरकली.

आता थेंब पडत नाहीत, धार लागली आहे. ती मागे रस्त्यावर पडते आहे आणि काही सायलेन्सरच्या नळीवर.

आई म्हणाली, "जळल्यावानी वास काऊन येते रे?"

"सकाळी तेल सांडलं होतं ना आई, ते जळून राह्यलं. जाईन दोन मिनिटांत."

सांडलेलं तेल जळतं हे खरंच आहे. पण ते जळून संपतं, आणि हा वास वाढत होता.

अड्याळ, १०.१२

गतिरोधकावर गाडी हळू झाली. ब्रेक लागताच चेंबरमधलं उरलेलं तेल पुढे सरकलं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली. लाल दिवा लागला, विझला.

इतका कमी वेळ, की आईच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

अड्याळच्या बाहेर, १०.१४

त्याने गाडी टपरीपाशी घेतली. थांबला, हे योग्य केलं. बोनेट उघडलं आणि मावसभावाला फोन लावला. दादा नागपुरात गॅरेजात काम करतो.

"दादा, सकाळी तेल बदललं. आता तेलाचा दिवा लागला आन् विझला."

"काम करताना वायर हालली असन. सेन्सरचा कनेक्टर दाबून पाय."

दादाचं उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. अशा कामात वायर सुटते, आणि सुटल्याच्या तक्रारी रोज गॅरेजात येतात. पण तो समोर नव्हता. गाडीखालचा रस्ता त्याला दिसत नव्हता, वास येत नव्हता. आणि डिपस्टिक काढ, हे वाक्य दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

डिपस्टिकची पिवळी कडी कनेक्टरपासून वीतभर अंतरावर होती.

अड्याळच्या बाहेर, १०.१९

कनेक्टर दाबला. घट्टच होता. गाडी सुरू केली, दिवा लागला, थोडा वेळ राहिला, विझला. सकाळी तीन सेकंद लागला होता, आता त्याहून जास्त. पण विझला, तेवढं त्याला पुरलं. १०.१९ वाजून गेले होते, ११ ची वेळ होती.

जमिनीवर, गाडी उभी होती तिथे, ताटाएवढा काळा डाग राहिला.

पहेल्याकडे जाताना, १०.२२

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

या दिव्याचा अर्थ पुष्कळांना वाटतो तसा नाही. पेट्रोलचा दिवा पुढे काय होणार ते सांगतो, अजून काही किलोमीटर मिळतात. तेलाचा दिवा पातळी मोजतच नाही, तो दाब मोजतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगांपर्यंत पुरेसं तेल पोहोचणं आधीच थांबलेलं असतं.

चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकलेला नसतो. दोघांमध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ, आणि सगळा भार तोच उचलतो. पंपाचा दाब गेला की पापुद्रा तुटतो. मग धातू धातूवर घासतो, तापतो, चिकटतो.

कनेक्टर पुन्हा सैल झाला असेल, असं त्याने ठरवलं. पहेल्यात गॅरेज असेल, तिथे दाखवू.

१०.२४

वरून टकटक सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की कमी होते. आई काही बोलली नाही. त्याने रेडिओ बंद केला आणि आवाज ऐकत राहिला.

इंजिन बंद करायला किल्ली एकदा फिरवावी लागते. रस्त्याच्या कडेला जागा होती.

१०.२६

टकटकीचं ठोक्यांत रूपांतर झालं. गाडीला झटका बसला. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, स्टीअरिंग जड झालं. वेग होता तेवढ्यावर गाडी घरंगळत कडेला गेली आणि थांबली. त्याने किल्ली फिरवली. स्टार्टरचा एक टक् असा आवाज, बाकी काही नाही. क्रँक फिरत नव्हता.

चेंबरमध्ये अर्धा लिटरही तेल नव्हतं.

११.१०

आईला भंडाऱ्याच्या एसटीत बसवून दिलं. डॉक्टरांची वेळ टळून गेली होती.

दुपारी ४ च्या सुमारास

ट्रॅक्टरने ओढून गाडी गॅरेजात आणली. मिस्त्रीने बोनेट उघडण्याआधी एकच विचारलं, "सकाळी काय काम केलं होतं?"

उत्तर ऐकून तो सरळ गाडीखाली गेला. फिल्टर फिरवून काढला आणि उलटा करून समोर धरला. नवी रिंग खाचेत. तिच्यावर जुनी, काळी, एका बाजूने बाहेर आलेली. सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. खाली क्रँक आणि बेअरिंगं गेलेली. पुढे पूर्ण इंजिनकाम.

त्यानंतर

८५५ च्या चौकशीत बोट फक्त दोन मेकॅनिकांवर ठेवलं गेलं नाही. रिंगा न लावता डिटेक्टर बसवले गेले, हे कारण. पण ठरलेल्या पद्धतीने काम होतं की नाही, हे पाहणं ज्यांचं काम होतं, ते पर्यवेक्षक वारंवार चुकले. आधीच्या घटनांचं गांभीर्य व्यवस्थापनाने ओळखलं नाही. सरकारी तपासनिसांनीही कंपनीला सुधारणा करायला वेळेवर भाग पाडलं नाही. एका रबरी रिंगेमागे एवढे लोक उभे होते.

कोंढ्याच्या अंगणात पर्यवेक्षक नसतो. घरी काम करणाऱ्याला मेकॅनिक, तपासनीस आणि पायलट ही तिन्ही कामं एकट्यालाच करावी लागतात, तीही ११ ची वेळ गाठायची असताना. म्हणून घरी काम करू नये, असा याचा अर्थ नाही. स्वतःच्या गाडीचं तेल स्वतः बदलणारा माणूस गाडीला जास्त ओळखतो, आणि खेड्यात ते ज्ञान मोलाचं आहे. अर्थ एवढाच की पाना खाली ठेवला म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

जुना फिल्टर निघाला की त्याची रिंग त्याच्यासोबत आली का, ते पाहावं. नवा बसवण्याआधी इंजिनाच्या अंगावरून चिंधी आणि मग बोट फिरवावं. इंजिन सुरू केल्यावर वेग वाढवून खाली पाहावं, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक काढावी. सांडलेलं तेल पूर्ण पुसावं, म्हणजे पुढचा थेंब कुठला याबद्दल शंका राहणार नाही. त्या दिवशीचा पहिला फेरा गावातच मारावा, परत येऊन पुन्हा गाडीखाली पाहावं, मगच आईला गाडीत बसवावं.

आणि कामानंतर काहीही नवं दिसलं, नवा वास, नवा थेंब, नवा आवाज, नवा दिवा, तर त्याचं कारण आधी तिथे शोधावं जिथे हात लागला होता. योगायोग असतात. वायरी सुटतात, सेन्सर खोटं बोलतात. पण सेन्सर खोटं बोलतो हे ठरवायला पुरावा लागतो, आणि तेलाच्या दिव्याबाबत तो पुरावा बोनेटखाली एका कांडीवर मिळतो, अर्ध्या मिनिटात, फुकट. तो पाहण्याआधी दिव्याला खोटं ठरवू नये.

लाल दिवा लागला की कडेला घ्या आणि किल्ली फिरवा. पुढच्या गावापर्यंत जाऊ नका, गॅरेज दिसत असलं तरी जाऊ नका. बंद केलेलं इंजिन दुरुस्त होतं. ५ मे १९८३ ला तीनपैकी एकच इंजिन दिव्याचं ऐकून थांबवलेलं होतं, आणि १७२ माणसांना जमिनीवर त्याच इंजिनाने आणलं.